मैद्यावरची बोटं

माझ्या हातचा पहिला फ्रेंच ब्रेड नवऱ्यानं भिंतीत खिळा ठोकायला वापरला. खिळा बसला, ब्रेडचा टवकाही उडाला नाही. मग तो ब्रेड हातावर तोलत म्हणाला, "उद्या हजीऱ्याला नेतो. जेटीच्या भरावात टाकू. समुद्राचा बाप आला तरी हलायचा नाही." तो हजीऱ्याला एका कारखान्याच्या बांधकामावर ठेकेदाराकडे फिटर होता. दिवसभर मुकादमाच्या शिव्या खायचा आणि घरी आला की त्याचा सूड म्हणून विनोद करायचा. विनोदाला मीच सापडायचे. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी ब्रेड त्याच्या हातातून घेतला, वरवंट्यानं फोडला, तुकडे चहात भिजत घातले आणि एकेक चघळत बसल्या. दात असते तर मजा आली असती, एवढंच म्हणाल्या.

मला रडू आलं नाही. त्या वर्षी माझं रडणं संपूनच गेलं होतं. राग मात्र भरपूर शिल्लक होता आणि तो कुणावर काढावा हे ठरत नव्हतं.

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. सुरतेजवळ उधन्याला दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो: मी, नवरा आणि सासूबाई. माझं माहेर जळगाव शहरातलं, तोंडात शाळेतली मराठी. सासूबाई अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नसत. आला म्हणजे 'ऊना', गेला म्हणजे 'गया', आहे म्हणजे 'शे'. मला सगळं कळायचं, पण मी उत्तर माझ्या मराठीत द्यायचे आणि त्यांना ते चांगलंच खटकायचं. आम्ही दोघी दिवसभर एकाच खोलीत बसून साड्यांचं धागा कटिंग करायचो. भरतकामाच्या साड्या मशीनवरून उतरल्या की मागच्या बाजूला दोऱ्यांचं जंगल असतं, ते छोट्या कात्रीनं कापून साफ करायचं. उधन्यातल्या निम्म्या बायका हेच करत होत्या. संध्याकाळी आमच्या केसांत, भातात, अंथरुणात धागे असायचे.

त्याच खोलीत पाळणा टांगला होता आणि त्याच खोलीतून तो काढला. माझं बाळ बारशाआधीच गेलं. नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे घराची मोठी सोय झाली. नाव नसलेल्या माणसाबद्दल बोलावं लागत नाही. पाळणा नवऱ्यानं कुणाला तरी देऊन टाकला. छताचा हूक राहिला, त्याला सासूबाईंनी कांद्याची पिशवी अडकवली. मी त्या पिशवीखाली बसून धागे कापायचे. सासूबाईंचीही दोन मुलं गेली होती, माझ्या नवऱ्याच्या आधीची, गावाकडे एकाच तापाच्या साथीत. हे मला शेजारणीनं सांगितलं. घरात त्यांचाही कधी शब्द निघाला नव्हता. या बाबतीत आमचं घर फार शिस्तीचं होतं.

कापलेल्या साड्यांचे गठ्ठे मी शहरात एका व्यापाऱ्याच्या गोदामात पोचवायचे. गोदामाच्या वरच त्याचं घर होतं आणि तिथं त्याची बायको, जिला सगळ्या 'बेन' म्हणायच्या, स्वयंपाकाचे क्लास घ्यायची. केक, नूडल्स, बिस्किटं, आणि ज्यांना फारच हौस त्यांच्यासाठी फ्रेंच ब्रेड. जिन्यात भाजलेल्या मैद्याचा असा वास यायचा की मी गठ्ठा डोक्यावर घेऊन उगाच उभी राहायचे. एक दिवस बेनच्या मदतनीस मुलीचं लग्न ठरलं आणि तिनं क्लास सोडला. बेननं मला जिन्यात हेरलं. रोज दुपारी यायचं, मैदा तोलायचा, मळायचा, भांडी आवरायची. मी हो म्हणायच्या आधीच तिनं अट घातली. आधी घरी, तिची नजर नसताना, एक फ्रेंच ब्रेड करून आणायचा. हाताला पीठ कळतं की नाही ते त्यातून समजतं, म्हणाली. शनिवारी दुपारपर्यंत. "आखी लावजे, कापेली नहि," अख्खा आण, कापलेला नको, असं दोनदा बजावलं. कारण सुरी ती स्वतः चालवणार होती आणि आतली जाळी सगळ्या बायकांसमोर बघणार होती. शनिवारी नाही आणला तर दुसरी मुलगी तयार होती.

नवरा म्हणाला, जमलं तर जा, नाही जमलं तर पुन्हा तो विषय काढायचा नाही. म्हणजे तो ब्रेड माझ्यासाठी खाण्याची वस्तू नव्हताच. रोज दुपारी त्या हुकाखालून उठून जायची परवानगी होती ती. मला ती हवी होती. इतकी हवी होती की त्या दिवसांत कुणी मध्ये आलं असतं तर मी त्याला कात्रीनं भोसकलं असतं.

बेननं यीस्ट फोटोच्या रोलच्या रिकाम्या डबीत घालून दिलं होतं. कोमट पाण्यात, चिमूटभर साखर घालून ठेवलं की त्याला फेस येतो. फेस आला आणि सासूबाईंनी नाक दाबलं. "हाई काय शे? घरमा दारूनी भट्टी लाई का?" गुजरातेत दारूबंदी, चाळीत शेजारी टपलेले, त्यामुळे त्यांनी जाऊन दार लावून घेतलं. मी मैदा मळला, ओल्या फडक्याखाली झाकला आणि नळावर गेले. आमच्याकडे पाणी सकाळी यायचं आणि रांग मोठी असायची. परत येऊन पाहते तर गोळ्यावर खड्डे पडलेले. मला वाटलं, हे असंच असतं. मी काय फ्रान्सला जाऊन आले होते? लांबट आकार दिला, पुन्हा झाकला, घागर घेऊन पुन्हा रांगेत लागले. आले तेव्हा पुन्हा खड्डे. मोठ्या पातेल्यात वाळू तापवून, वर झाकण ठेवून तो भाजला. तोच तो खिळा ठोकलेला ब्रेड.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मैदा भिजवला. त्या दिवशी पाणी लवकर गेलं. मी अर्धी घागर घेऊन आले तर सासूबाई परातीपुढे उकिडव्या बसलेल्या. फडकं बाजूला. उजव्या हाताची चारही बोटं गोळ्यात मुळापर्यंत रुतलेली आणि डोळे मिटलेले. गोळा हळूहळू खाली बसत होता. त्यातून हवा निघाल्याचा बारीक आवाज आला. मी घागर आपटली.

"काय करताय आत्याबाई?"

त्यांनी दचकून हात काढला नाही. शांतपणे आणखी एकदा बोटं दाबली.

आता कणकेवर बोटं उमटवायची रीत मला काही नवी नव्हती. मळलेला गोळा ठेवून द्यायचा असेल तर त्यावर चार बोटं दाबायची, हे माझी आईही करायची, मीही करायचे. हात आपोआप जातो, विचारत कुणी नाही. पण तो पोळीच्या कणकेवर. मैद्याच्या या परदेशी गोळ्यालाही ती रीत लागू आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आणि पोळीला काही होत नाही, ब्रेडचा जीव जातो. मी त्यांना हे सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. माझं काम जाईल म्हटलं, तुमच्या बोटांपायी मी जन्मभर धागे कापत बसू का म्हटलं.

"तुले दिखस नही का?" त्या म्हणाल्या. "हाऊ गोया पिंडना मायेक दिखस."

पिंडासारखा दिसतो. श्राद्धाला ठेवतात तसा. मी म्हटलं, दिसू द्या.

"असा गोया झाकी ठेवा ते मरेल येतस जेवाले." मेलेली माणसं जेवायला येतात. एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या माझ्याकडे वळल्या आणि अगदी हळू, भाजीचा भाव सांगावा तितक्या साधेपणी म्हणाल्या, "तुन्हं ई."

तुझं येईल.

इतक्या महिन्यांत त्या घरात कुणी त्याच्याबद्दल तोंड उघडलं नव्हतं. आणि उघडलं तेव्हा कशासाठी, तर ते येऊ नये म्हणून. दाराशी आलेल्या मांजराला हाकलावं तसं माझ्या लेकराला हाकलायला ही बाई चार बोटं घेऊन बसली होती. मला संताप आला. आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, तिनं त्याला 'तुझं' म्हटलं म्हणून आतून कुठं तरी बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याचाच मला जास्त राग आला.

मी म्हटलं, "येऊ द्या ना. माझं एक येईल, तुमचे दोघं येतील. ब्रेड पुरेल सगळ्यांना."

बोलले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. लागलं होतं. नीट, जिथं लागावं तिथंच लागलं होतं. त्यांचा खालचा ओठ आत गेला आणि बोळक्या तोंडात नाहीसा झाला. हाताला मैदा तसाच चिकटलेला, तो न धुता त्या उठल्या, कोपऱ्यात जाऊन साडीचा गठ्ठा सोडला आणि धागे कापू लागल्या. संध्याकाळी नवऱ्यानं येऊन विचारलं, आज कोणता दगड केला? मी ताट वाढलं, तो जेवून झोपला.

मला पश्चात्ताप झाला का, असं कुणी विचारेल. नाही झाला. माझी वाट मोकळी झाली होती.

शनिवारी सकाळी डबीतलं उरलंसुरलं यीस्ट मी पाण्यात झटकलं. मैदा मळला, झाकला. सासूबाई डोक्यावरून न्हाल्या, धुतलेलं लुगडं नेसल्या, जमीन पुसून घेतली आणि परातीपासून हातभर लांब येऊन बसल्या. मांडीत दोन्ही हात, एकात एक घट्ट. मला वाटलं, रुसवा आहे. असेना का. त्या दिवशी मी नळावर गेलेच नाही. प्यायला पाणी नसलं तरी चालेल, पण हलायचं नाही, असं ठरवून त्यांच्यासमोर बसले. मध्ये परात, इकडे मी, तिकडे त्या. फडकं हळूहळू वर उचललं जात होतं. मी एकदा कोपरा उचलून पाहिलं. गोळा दुप्पट झाला होता, वरून गुळगुळीत, एकही खड्डा नाही. सासूबाईही वाकून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती शोधली, ती दिसली नाही.

मग मी त्याला लांब आकार दिला. बेनच्या ब्रेडसारखा हातभर नाही, पातेल्यात मावेल असा, वीतभराहून थोडा मोठा. तो पुन्हा फुगला. ब्लेडनं वर तिरक्या चिरा दिल्या. वाळू तापलेलीच होती. झाकणाखालून वास यायला लागला तेव्हा शेजारच्या दोन बायका दारात डोकावून गेल्या. काढला तेव्हा तो सोनेरी तपकिरी झाला होता आणि चिरा अशा उमलल्या होत्या की मी स्वतःशीच मोठ्यानं हसले. बेन करायची तसं खालून बोटानं ठोकून पाहिलं. पोकळ वाजला. मी धुतलेल्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला आणि ब्रेड त्यात गुंडाळायला लागले.

"त्यासनं काढ," सासूबाई म्हणाल्या.

मला कळलं नाही. मी विचारलं, कुणाचं?

त्यांनी मांडीतले हात सोडवले आणि शेजारची जागा दाखवली. तिथं पुसलेल्या जमिनीवर तीन छोट्या ताटल्या मांडलेल्या होत्या. माझं सगळं लक्ष पातेल्याकडे असताना केव्हा तरी त्यांनी मांडल्या असणार. दोन एकीकडे, एक जरा बाजूला, माझ्या अंगाला.

मी म्हटलं, "आत्याबाई, हा अख्खा न्यायचा आहे. कापलेला चालणार नाही. संध्याकाळी दुसरा करीन."

दुसरा होणार नव्हता. यीस्ट संपलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

"तूच बलायं ना?" त्या म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. मला ते खरंच विचारत होत्या. "बलाईसन उपाशी धाडशी?"

तूच बोलावलंस ना, मग बोलावून उपाशी पाठवशील? मी त्या तीन ताटल्यांकडे पाहिलं. माझ्या अंगाच्या ताटलीला कडेला पोचा होता. एक टोक मोडायचं, तिघांत वाटायचं, एवढंच काम. पण मोडलेला ब्रेड घेऊन गेले असते तर बेननं सुरीला हातही लावला नसता. ती तसलीच होती. आणि मग हूक, कांदे, कात्री, आणि पुन्हा विषय काढायचा नाही. मी स्वतःला समजावलं की हे सगळं खुळचट आहे, मेलेलं कुणी येत नाही, जेवत नाही, मी बोलले ते फक्त टोचायला बोलले. हे सगळं खरं होतं. तरी माझा हात ब्रेडच्या टोकापर्यंत गेला. कड करकरीत होती, बोटांखाली जरा तडकली.

मी फडक्याची गाठ मारली आणि बाहेर पडले. सासूबाईंनी अडवलं नाही.

शटल रिक्षात इतर बायकांबरोबर मी कडेला, मांडीवर गाठोडं. ब्रेड अजून गरम होता, फडक्यातून मांडीला लागत होता, म्हणून मी तो दोन्ही हातांनी जरा वर धरला होता. शेजारच्या बाईनं कौतुकानं विचारलं, "बाबो छे के बेबी?" मुलगा की मुलगी? मी म्हटलं, पाव आहे. उरलेल्या रस्त्यात ती माझ्याकडे पाठ करून बसली.

क्लासला आठ-दहा बायका होत्या. बेननं फडकं सोडलं, ब्रेड फिरवून पाहिला, कानाशी नेऊन दाबला. कड करकरली तशी तिची भुवई वर गेली. मग तिनं दात्यांची सुरी घेतली आणि मधोमध कापला. आत जाळी पडली होती, लहान-मोठी भोकं, हवी तशी. "जुओ," ती बायकांना म्हणाली, "एणे घरे, रेतीमां करी छे." बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवण्याची ती पहिली वेळ. लोणी आलं, तुकडे फिरले. सोमवारथी आवी जा, बेन म्हणाली.

शेवटी ताटात एक टोक उरलं. मी तिकडे बघत उभी होते. घरी न्यायला मागावं असं वाटलं. बेननं दिलंही असतं, पण विचारलं असतं, कोणा माटे? कुणासाठी? आणि त्या बायकांसमोर मी काय सांगणार होते? एका जाड्या बाईनं बोलता बोलता ते टोक उचललं, उरलेलं लोणी त्यानं पुसून घेतलं आणि तोंडात टाकलं. बेननं ताटातला भुगा ओंजळीत गोळा करून बेसिनमध्ये सोडला आणि नळ चालू केला.

मी घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती, पण खोलीत दिवा लावलेला नव्हता. सासूबाई सकाळच्याच जागी बसल्या होत्या. साडीचा गठ्ठा सोडलेला नव्हता, चूल पेटवलेली नव्हती. त्या दिवसभर जेवल्या नव्हत्या हे तोंडावरून कळत होतं. तीन ताटल्या पुढ्यात, मी सोडून गेले तशाच कोऱ्या.

"काम भेटनं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो. सोमवारपासून.

त्यांनी मान हलवली. बरं झालं, अशीच हलवली, त्यात कुठं टोमणा नव्हता.

"ऊनात त्या," त्या म्हणाल्या. "बसनात. भलती वाट दखी. मन्हा दोन्ही समजदार शेतस, उठी गयात." आले होते, बसले होते, फार वाट पाहिली; त्यांचे दोघं समजूतदार, उठून गेले. मग त्यांनी माझ्याकडच्या त्या पोचा पडलेल्या ताटलीला हात लावला, ती जराशी सरळ केली. "तुन्हं रडनं."

तुझं रडलं.

मी दाराशी रिकामं फडकं हातात धरून उभी होते. त्यांनी ताटल्या एकात एक घातल्या, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि मोरीत नेऊन घासायला घेतल्या.